नऊ माणसं, दोन सीट

आमच्या घरात माणसं नऊ आणि गाडी घेतली दोन सीटची. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मी हसू देणार नाही. मागे सीट नाही. डिकी म्हणायची ती नावापुरती, बाजाराच्या दोन पिशव्या ठेवल्या की झाकण लागायचं नाही. गाडी घेतली माझ्या थोरल्या भावाने, आणि त्याला गाडी चालवता येत नव्हती. वडिलांना येत नव्हती. घरात लायसन होतं ते फक्त माझ्याकडे, आणि गाडी तूच चालवायचीस असं वडिलांनी मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

त्या गाडीची तीन मॉडेलं होती. त्यातलं कुठलं घ्यायचं, खरं तर एवढाच प्रश्न होता. पण त्या एका प्रश्नात माझं काय गेलं हे कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणतात, जाऊ दे ना, एवढ्या वर्षांपूर्वीचं काय धरून बसलीस? धरून बसणार! माझं गेलंय, मी धरून बसेन.

आम्ही नवघरचे, आगरी. आज तिथे उभं राहिलं तर बिल्डिंगींशिवाय काही दिसत नाही, पण माझ्या लहानपणी मागच्या दाराने बाहेर पडलं की भाताची खाचरं, त्यांच्यापुढे मिठागरं आणि मग खाडी. घरात आम्ही आमचंच बोलायचो. हाय, न्हाय, मना, तुना. गाडीला गारी. मी रेल्वेच्या रुळांपलीकडे, पश्चिमेला शाळेत गेले, तिथल्या बाईंनी माझी जीभ सरळ केली, आणि मग मी बाहेर एक बोलायला लागले आणि घरात दुसरं. पुढे पुढे घरातही बाहेरचंच बोलायला लागले. आई चिडवायची, "आली बघा मास्तरीन!" मला त्याचं काही वाटायचं नाही, उलट बरंच वाटायचं.

कॉलेज संपल्यावर पश्चिमेलाच, बाजाराजवळ, एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मला नोकरी लागली. टेबलावर बसायचं, फोन घ्यायचे, शिकायला येणाऱ्यांच्या वेळा लावायच्या. तेव्हा आमच्या पूर्वेच्या बाजूला, इंद्रलोककडे सोसायट्या उभ्या राहत होत्या. मुंबईतून आलेली ऑफिसवाली कुटुंबं तिथे राहायला येत होती आणि त्यांच्या बायका गाडी शिकायला आमच्याकडे यायच्या. शेजारी पुरुष बसून ओरडतोय म्हटल्यावर त्यांचे हातपाय गळायचे. शिकवायला बाई असेल का, असं त्या दबक्या आवाजात मला विचारायच्या. शेवटी आमच्या गुजराती शेठनी डोकं चालवलं आणि दुपारच्या रिकाम्या वेळात मलाच गाडी शिकवायला घेतली.

माझी उंची पाच फुटाला कमी. पहिल्या दिवशी बसले तर पाय क्लचला पोचेना. शेठ हसले, म्हणाले, "बेन, सीट आगळ लई लो." सीटच्या खाली एक दांडी असते. ती वर ओढायची, अंग पुढे रेटायचं, टक्क असा आवाज आला की सीट बसली. शेवटच्या खाचेपर्यंत सीट पुढे आणली तेव्हा माझा पाय क्लचवर पूर्ण बसला. तो टक्क आवाज मला एवढा आवडला म्हणून सांगू! त्यानंतर मी परीक्षा दिली, लायसन आलं, आणि वर्षभरात इंद्रलोकच्या बायकांना मी शिकवायला लागले. पहिल्या धड्यालाच मी त्यांना सांगायचे, आधी सीट जुळवून घ्या, बाकी सगळं मागून येतं.

एकदा एका बाईंना घरी सोडून मी स्कूलची गाडी घेऊन नवघरच्या रस्त्याने येत होते. वडील आमच्या शेताच्या बांधावर उभे होते. शेत विकायचं ठरलं होतं, बिल्डरची माणसं टेप घेऊन मोजत होती, आणि वडील नुसते बघत उभे होते. मी गाडी थांबवली, म्हटलं, "बाबा, बसा." त्यांनी आधी पायातल्या चपला काढल्या. म्हटलं, अहो चपला घालून बसा! पण ते चपला हातात धरूनच मागच्या सीटवर बसले. मी त्यांना खाडीपर्यंत नेलं आणि परत आणलं. सगळा वेळ आरशात मला त्यांचे फक्त डोळे दिसत होते. उतरताना म्हणाले, "पोरी, आपली गारी येल ना, तवा तूच चालवशील. दुसऱ्या कोनाला येतं हितं?"

बस, एवढंच बोलले. पण मी ते मनात घट्ट बांधून ठेवलं. आमच्या घरात मुलीला काही द्यायचं म्हणजे लग्नात द्यायचं, त्याच्या आधी तिचं असं काही नसतं. हे पहिलं होतं जे मला मिळणार होतं, आणि तेही मला येत होतं म्हणून मिळणार होतं.

शेत गेलं. त्यानंतर आमच्या आळीत जे घरोघरी झालं तेच आमच्याकडेही झालं. घर पाडून दुमजली बंगला बांधला, जिन्याला संगमरवर, गच्चीवर सिमेंटचा मोर. आणि मग गाडी. आमच्या समोरच्या घरवाल्यांनी सात सीटची मोठी गाडी आणली होती. साधी, भरभक्कम, अख्खं घर त्यात बसून मार्लेश्वराला जाऊन आलं. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याला कुणाहीपेक्षा मोठी गाडी नको होती, कुणाकडेच नाही अशी गाडी हवी होती. कुठल्याशा मोटारींच्या प्रदर्शनाला तो मित्रांबरोबर गेला आणि तिथून एक रंगीत चोपडं घेऊन आला. त्यावर लाल रंगाची, जमिनीला पोट टेकलंय की काय अशी बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. कुठलीतरी छोटी कंपनी ऑर्डर घेऊन तशा गाड्या बनवून द्यायची.

चोपडं इंग्रजीत होतं. वाचायला अर्थात मीच. सगळं घर हॉलमध्ये जमलं. आई चित्राकडे बघून म्हणाली, "मागं कोन बसनार?"

दादा म्हणाला, "मागं सीट न्हाय. मागं स्पॉयलर हाय."

"त्याच्यावं बसतात काय?"

मी हसून हसून पडायची बाकी होते. दादा तडकला. पण मी चोपडं वाचायला घेतलं आणि हळूहळू माझं हसू थांबलं. कारण दोन सीट तर दोन सीट, त्यातली एक माझी होती ना! नऊ माणसांना कसं न्यायचं ते दादाने बघावं, मला फक्त उजवीकडची सीट हवी होती.

तर तीन मॉडेलं. स्टँडर्ड, त्याला वर कापडी छप्पर, काचा हाताने फिरवायच्या. डिलक्स, त्याला पक्कं छप्पर, दोन्ही बाजूंना आरसे, पुढे-मागे सरकणारी ड्रायव्हरची सीट. आणि सुपर डिलक्स. त्याला एसी, कॅसेट प्लेअर, चार स्पीकर, बाजूने पट्टे, मागे पंखासारखा तो स्पॉयलर, खालून चारी बाजूंनी फायबरचा घेर, आणि चामड्याच्या रेसिंग सीटा. त्या सीटा खाली बोल्ट मारून पक्क्या बसवलेल्या होत्या. सरकत नव्हत्या.

मी ते तिथेच, सगळ्यांसमोर, मराठीत सांगितलं. लपवून ठेवलं नाही, मनातल्या मनातही ठेवलं नाही. म्हटलं, "दादा, डिलक्स घेऊया. सुपरची सीट पुढे येत नाही, माझा पाय पोचणार नाही."

दादा म्हणाला, "बघू गो."

या "बघू गो"चा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. पण वडील शेजारी बसलेले होते, त्यांनी ऐकलं होतं, आणि मला वाटलं, ते आहेत ना.

शोरूम मुंबईत होतं. आम्ही सगळे गेलो, टेम्पो करून. हो, टेम्पो करून! स्पोर्ट्स कार घ्यायला नऊ माणसं टेम्पोतून उतरली तेव्हा दरवाजावरचा वॉचमन आमच्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मी विसरलेले नाही. आतमध्ये थंडगार. कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या. वडील सोफ्याच्या कडेला बसले, बाटली दोन्ही हातांनी धरून. सेल्समन सूटबूटवाला, तोंडात सतत "सर, सर". सर म्हणजे दादा. दादाने त्या दिवसासाठी काळा चष्मा घेतला होता आणि तो आतसुद्धा काढला नाही.

डिलक्स आणि सुपर डिलक्स, दोन्ही गाड्या तिथे उभ्या होत्या. मी सरळ डिलक्समध्ये जाऊन बसले. दांडी ओढली, टक्क, सीट पुढे आली. क्लच पूर्ण दाबला, गिअर टाकून बघितले. मग उतरून सुपरमध्ये बसले. सीट खोल, दोन्ही बाजूंनी उचललेली, पाठ टेकली की माणूस आत रुततं. पाय लांब केला तर अंगठा क्लचला नुसता लागला, दाबला जाईना. मी सेल्समनला हिंदीत विचारलं, "इसमें सीट आगे नहीं आएगा क्या? ऑर्डर में बनाके देंगे तो?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि उत्तर दादाला दिलं. "सर, ये रेसिंग सीट है, फिक्स ही अच्छा लगता है. वैसे गाडी आप ही चलाएँगे ना?"

दादाने मान डोलावली. "हाँ, हम चलाएगा."

अरे, हम चलाएगा? डोंबल चलाएगा! ज्याने आयुष्यात कधी स्टेअरिंगला हात लावला नव्हता तो चलाएगा! मी गाडीतून उतरले, दादाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तुला येत नाही गाडी. मला येते. बाबांनी मला सांगितलंय. डिलक्स घे."

तो म्हणाला, "समोरच्यांच्या गारीला एसी न्हाय. आपल्या गारीला होवाच. आनि तुझं लगीन व्हायचं हाय. हलद, मेकप, सगलं घामानं उतरंल. तुझ्यासाठीच घेतंय ना एसीवाली!"

माझ्यासाठी! हे वाक्य त्याने एवढ्या मायेने म्हटलं की वहिनीने डोळ्यांना पदर लावला. माझ्यासाठी म्हणून मला न चालवता येणारी गाडी. मी आता लग्न नको म्हणू? एसी नको म्हणू? मी सोफ्याकडे बघितलं.

"बाबा, तुम्ही सांगा."

वडिलांनी दादाकडे बघितलं, सेल्समनच्या बुटांकडे बघितलं, मग बाटलीतला उरलेला घोट संपवला. "मना काय कलतं त्यातलं," म्हणाले. "दादा बोलतं तसं करा."

मला त्या क्षणी दादाचा राग आला नाही. दादा दादासारखाच वागला होता. मला वडिलांचा राग आला, आणि तो असा आला की कानशिलं गरम झाली. खाडीपर्यंत नेऊन आणलं तेव्हा बरं कळत होतं! घरी परत येताना मी टेम्पोत त्यांच्या शेजारी बसले नाही, सामानाच्या बाजूला तोंड करून बसले.

दसऱ्याला गाडी आली. कंपनीचा माणूस चालवत घेऊन आला आणि बंगल्यासमोर उभी करून निघून गेला. अख्खी आळी जमली. हार, नारळ, चाकांखाली लिंबं, आईने ओवाळलं. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना. लिंबांवरून गाडी पुढे न्यायची असते ना! दादा दरवाजाला हात लावून उभा. मी म्हटलं, "मी नेते." घरातून एक उशी आणली, पाठीमागे ठेवली, बसले. क्लच दाबला की उशी दबायची आणि मी परत मागे. तरी अंगठ्याच्या टोकावर उभं राहिल्यासारखं करून मी ती गाडी तेवढी लिंबांवरून पुढे नेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण कोपऱ्यावर उभी असलेली दादाची मित्रमंडळी हसत होती, आणि दादाने ते बघितलं.

"उतर," तो म्हणाला. "उश्या लावून गारी चालवतंय कोन? सर्कस हाय?"

मी म्हटलं, उशी नको तर लाकडाची फळी करून घेते, पाठीमागे पक्की बसेल. त्याने फळीही लावू दिली नाही. चामड्याला चरे पडतील म्हणे! त्या चामड्याची काळजी होती.

बरं, मग त्याने स्वतः शिकावं ना. मी म्हटलं, आमच्या स्कूलला ये, शेठ शिकवतील. नाही. शिकाऊ गाडीला पुढे-मागे लाल अक्षरात 'एल' लावावा लागतो. तो एल लावून नवघरातून फिरायचं, आणि तेही कळकट स्कूलच्या गाडीतून, म्हणजे त्याच्या मते गावात नाक कापून घेणं. मी म्हटलं, मग रात्री... नको, पहाटे चल, मी शिकवते, कुणी बघणार नाही. त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या ताटात थुंकले. बहिणीकडून शिकायचं!

म्हणून त्याने ड्रायव्हर ठेवला. दोन सीटच्या गाडीला ड्रायव्हर! चांगला उंचापुरा भैया होता, स्वभावाने गरीब, त्याचे पाय मात्र तिथे बरोबर पोचायचे. एका सीटवर तो आणि दुसरीवर दादा. गाडीत जागाच उरली नाही. दोन लहान पोरांची आई असलेली माझी वहिनी त्या गाडीत कुठे बसणार? आई एकदाच बसली, देवळापर्यंत. सीट एवढी खाली की तिथे पोचल्यावर तिला उठता येईना. ड्रायव्हर एका हाताला, पुजारी दुसऱ्या हाताला, असं करून तिला ओढून बाहेर काढली. त्यानंतर तिने त्या गाडीचं नाव काढलं नाही. नवघरचा रस्ता तेव्हा बिल्डरांच्या ट्रकांनी उखडून ठेवलेला, त्यात तो खालचा फायबरचा घेर घासायचा. महिन्याभरात एक बाजू फाटली आणि दादाने ती तारेने बांधली. पण एसी चालू असायचा. काचा बंद, कॅसेट लावलेली, दादा काळा चष्मा घालून ड्रायव्हरच्या शेजारी.

मी मात्र रोज सकाळी त्या गाडीसमोरून चालत जायचे, रिक्षा पकडायचे, आणि पश्चिमेला जाऊन इंद्रलोकच्या बायकांना सांगायचे, आधी सीट जुळवून घ्या.

त्यातच माझं लग्न ठरलं. मुलगा पश्चिमेच्या राई गावचा, आमच्यातलाच, नोकरीला होता. दिसायला बरा, बोलायला बरा, वाईट म्हणावं असं काही नव्हतं. फक्त त्यांच्या घरून एक सांगणं आलं की लग्नानंतर स्कूलची नोकरी नको, सून परक्या माणसांना गाडीतून फिरवते हे बरं दिसत नाही. आमच्या घरात त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. मला पोह्यांबरोबर बातमी मिळाली. सासरी गाडी नव्हती. म्हणजे नोकरी गेली की स्टेअरिंग गेलं.

आणि दुसरं सांगणं असं आलं की नवरदेव त्या लाल गाडीतून जाईल. दादाची छाती फुगली. हेच तर त्याला हवं होतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मी आईला म्हटलं, "आई, गाडीत दोन सीट. ड्रायव्हर बसला तर आम्ही दोघं कसे बसणार? मी चालवते, ते शेजारी बसतील. फळी करून घेते, दोन तासांचं तर काम आहे." माझ्या डोळ्यांत पाणी होतं. एकदा, फक्त एकदा मला ती गाडी चालवायची होती, नवघरातून निघून रेल्वेचं फाटक ओलांडून राईपर्यंत. तेवढं मिळालं असतं तर बाकीचं सगळं मी गिळलं असतं.

आईने कपाळावर हात मारला. "नवरी गारी चालवत सासरी जातंय? येरी झालंस? लोक त्वांडात श्यान घालतील!"

आता लग्नाचा दिवस. दुपारी अक्षता पडल्या, जेवणं झाली, ऊन उतरायच्या आत वरात निघायची होती. लाल गाडी झेंडूने मढवलेली, तारेने बांधलेल्या घेरावरसुद्धा हार. ड्रायव्हरला नवा सफारी. शेजारी नवरदेव. छप्पर एवढं खाली की त्याचा फेटा मावेना, मग फेटा काढून मांडीवर घेतला. आणि नवरी? नवरी टेम्पोत. मागे कपाट, भांडी, गाद्या, आणि पुढे टेम्पोवाल्याच्या शेजारी करवली आणि मी. मागे जागा उरली नाही म्हणून नव्या सॅटीनच्या उश्यासुद्धा माझ्या मांडीवर दिल्या. मुंडावळ्या बांधलेल्या, मेकअप केलेला, आणि टेम्पोच्या इंजिनाची सगळी गरमी पायाखालून वर येत होती. घामाने हळद मानेवरून ओघळत होती. मला दादाचं शोरूममधलं वाक्य आठवलं आणि हसू आलं. करवली घाबरली, तिला वाटलं मी रडतेय.

वडील फाटकापर्यंत पोचवायला चालत आले. आमच्यात कुणी एवढं लांब येत नाही, पण ते आले, टेम्पोच्या बाजूने, हातात चपला नव्हत्या एवढंच.

फाटक बंद होतं. लाल गाडी सगळ्यांत पुढे, मागे आमचा टेम्पो, त्याच्यामागे रांग. एक लोकल गेली, दुसरी गेली, फाटक काही उघडेना. वरून, टेम्पोतून, मला लाल छप्पर आणि तो स्पॉयलर दिसत होता. तेवढ्यात ड्रायव्हर उतरला आणि टपरीकडे गेला. एसी चालू ठेवायचा म्हणून इंजिन त्याने बंद केलं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच फाटक उघडलं.

मागून हॉर्न सुरू झाले. रिक्षावाले ओरडायला लागले, "अरे हटाव रे दूल्हा!" नवरदेवाने काच खाली केली आणि "ड्रायव्हर! ओ ड्रायव्हर!" असा ओरडायला लागला. ड्रायव्हरचा पत्ता नाही. समोर फाटक उघडं, इंजिन चालू, उजवीकडची सीट रिकामी.

माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक. मी एक उशी उचलली, टेम्पोतून उडी मारली, शालू गोळा केला आणि जाऊन त्या सीटवर बसले. नवरदेव बघतच राहिला. "अगं, काय करतेयस?" मी पाठीमागे उशी कोंबली, पाय लांब केला, क्लच दाबला. सॅटीनची उशी चामड्यावरून सटकली आणि माझ्या बाजूने बाहेर आली. पाय अर्ध्यावर. मी जीव खाऊन पाय ताणला, अंगठ्याने रेटलं, गिअर टाकायला गेले तर कर्रर्र असा आवाज आला की रिक्षावाले गप्प झाले. गाडीने दोन गचके खाल्ले आणि बंद पडली.

मग सगळे हसले. करवली, टेम्पोवाला, रिक्षावाले, फाटकातला माणूस. नवरदेवही हसला, फेटा सांभाळत. वाईटपणाने नाही, मजेने हसला. म्हणाला, "तू लोकांना शिकवतेस ना?"

ड्रायव्हर चहाचा पेला टाकून धावत आला, "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" करत दरवाजाशी उभा राहिला. मी उशी घेऊन उतरले. रस्त्याच्या कडेला वडील उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. ते जवळ आले, त्या सीटकडे वाकून बघितलं, तिच्या खाली हात घालून चाचपलं, जणू दांडी तिथे कुठेतरी असेल आणि पोरीला सापडली नसेल. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले,

"सीट म्होरं येत न्हाय काय गो?"

किती वर्षांनी माझ्या तोंडून घरचं बोलणं आलं.

"न्हाय बाबा," मी म्हटलं. "सुपर डिलक्स हाय."